लैनपाड्याची मोजणी

खात्याच्या कागदावर एकच ओळ होती:
मौजे लैनपाडे, जुनी बराक, निर्लेखनासाठी मोजमाप घेणे.
चोपड्याहून एसटी, पुढे रिक्षा,
पुढे केळीचा ट्रॅक्टर; त्याने फरशीपुलापाशी सोडलं.
मार्चचं ऊन. नदीत नुसते गोटे.

बावीस घरं. एक हापसा. एक पीठगिरणी, बंद.
आणि या सगळ्याहून लांब ती बराक,
जणू आधी तीच जन्मली
आणि तिच्या वळचणीला गाव साचत गेलं.
खरंही तेच. शिपायांच्या लाइनी होत्या इथे, म्हणून लैनपाडे.
त्याआधीचं नाव कुणाला आठवत नाही.

टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं गुमान भिलाकडे.
लांबी एकशे बारा फूट. रुंदी एकवीस.
सागाच्या तुळया अठरा, पैकी एकीला वाळवी.
भिंतीत खुंट्या साठ, बंदुका टांगायच्या.
आता तिथे लसणाच्या जुड्या, सायकलची ट्यूब,
कुणाच्या तरी लग्नातला फेटा, रंग उडालेला.
मी लिहिलं: खुंट्या, लाकडी, साठ.
फेट्याला रकाना नव्हता.

गुमान टेप सोडत नव्हता, आणि बोलणंही.
त्याच्या आजाचा बाप इथेच भरती झालेला.
डोक्याला पगडी, हातात बंदूक, महिन्याला रोख पगार,
काम एकच: डोंगरातले भिल धरून आणायचे.
डोंगरात त्याचा सख्खा भाऊ होता.

रोज दिवेलागणीला बिगुल वाजे. हजेरी.
नाव पुकारलं की ओळीतून उत्तर: हाजीर.
आणि म्हणतात, सातपुड्याच्या पहिल्या सोंडेवरून
काळोखातून आणखी एक यायचं,
हाजीर!
हवालदार कंदील वर धरी. ओळ हसू दाबी.
माणसं मोजली तर बरोबर साठ.
आवाज एकसष्ट.

मी विचारलं, मग? धरला का भावाने भावाला?
"तेच तर कोणी सांगत नाही," गुमान म्हणाला,
आणि त्याने टेप ताणला.

मागे चिंचेखाली थडगं आहे.
साहेबाचं नव्हे, साध्या सार्जंटाचं.
शेळ्यांनी अंग घासून अर्धी अक्षरं नेली,
उरलंय ते: चोवीस वर्षं, ताप, आयर्लंड.
बाया त्याला आर्लनबाबा म्हणतात.
पोराला थंडी वाजून ताप भरला
की पेटती बिडी ठेवतात दगडावर.
मिशनच्या दवाखान्यातली म्हातारी नर्स एकदा सांगून गेली,
त्याच्याही मुलखात असंच असे:
वीसेक घरं, एक ओढा,
आणि उरावर परक्या राजाची बराक.
मग तो तिथली सोडून इथल्या बराकीत का आला,
हे शेळ्यांनी नेलेल्या अक्षरांतही नसावं.

उंची राहिली होती. शिडी नव्हती.
काठी रोवून सावलीवरून काढायचं ठरवलं.
तर कवायतीच्या पटांगणात खाटांवर बिबडे घातलेले,
ओळीने, एकाही ओळीला बाक नाही,
आणि भिंतीच्या सावलीत सात-आठ बाया,
कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ.
झेलूबाई म्हणाली,
"बठ्ठं मोजी लिधं का, ताई?"
मी म्हटलं, उंची तेवढी राहिलीय.
"भित पाडी टाकशात, मंग आम्ही बसानं कोठे?"
मी काठीची सावली मोजली. चार फूट दोन इंच.
भिंतीची मोजायला त्यांना उठवावं लागलं असतं.
उंची अंदाजे लिहिली.

पंचनाम्याला समक्ष हजर इसम दोन लागतात.
गुमानने सही केली, मोडीसारखी वाटणारी, एका दमात.
झेलूबाईने अंगठा दिला,
शाईखाली पीठ, ठसा नीट उमटलाच नाही.
कागद घडी करणार तोच गुमान म्हणाला,
खाली एक ओळ मोकळी सोडा.
कशाला, ते मी विचारलं नाही.
सोडली.

वर्तमानपत्रात बांधून दिलेले बिबडे
ट्रॅक्टरवर मांडीत धरून आणले.
ओलसर होते अजून,
चोपड्यापर्यंत एकमेकांना चिकटले.